‘पोरी गेल्या कुठं मग?’ : ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ पाहून झालेली निराशा

सायंछाया

आधीच सांगून ठेवते की पुढे चित्रपटाचा शेवट उघड केलेला आहे. उघड करण्यासारखे त्यात काही आहे का, हाच खरे तर माझा प्रश्न आहे.

गेल्या रविवारी संध्याकाळी आपल्या कोल्हापुरात, दसरा चौकाजवळच्या एका सभागृहात पीटर वीअर यांचा १९७५ सालचा ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट दाखवण्यात आला. मोबाइलवर आलेल्या निमंत्रणात त्याचे वर्णन ‘जगभर गाजलेला रहस्यपट’ असे होते, आणि रहस्यपट म्हटला की आमच्या घरातून दोघी जणी निघतात, एक मी आणि दुसरी माझी आत्या. आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भाड्याने आणून वाचण्यात तिचे बालपण गेले, त्यामुळे मध्यंतरापर्यंत खुनी कोण हे माझ्या कानात सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही, आणि दहातल्या सात वेळा तिचे बरोबर येते. गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून आत शिरायला आम्हांला थोडा उशीर झाला; पण पडद्यावर अजून मुली एकीमागे एक रांगेत उभ्या राहून पुढच्या मुलीच्या कॉर्सेटच्या, म्हणजे कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्राच्या, नाड्या आवळत होत्या, म्हणजे विशेष काही चुकले नसावे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. सन १९००, १४ फेब्रुवारी. व्हिक्टोरिया प्रांतातल्या एका निवासी शाळेच्या मुली जवळच्या हँगिंग रॉक नावाच्या ज्वालामुखीजन्य सुळक्यांच्या डोंगरावर सहलीला जातात. दुपारी बाराच्या ठोक्याला गाडीवानाचे आणि गणिताच्या बाईंचे अशी दोन्ही घड्याळे बंद पडतात. मिरांडा, मॅरियन, अर्मा आणि ईडिथ या चौघी वर चढून जातात. त्यांतली ईडिथ किंचाळत खाली येते. बाकीच्या तिघी येत नाहीत, आणि खाली बसलेल्या गणिताच्या मिस मॅक्रॉ याही नाहीशा होतात. शोध सुरू होतो. काही दिवसांनी अर्मा सापडते, पण तिला काहीही आठवत नाही. बाकीच्या तिघी कधीच सापडत नाहीत. चित्रपट संपतो.

माझी तक्रार केवळ उत्तर दिले नाही एवढीच असती, तर मी हा चर्चेचा धागा काढला नसता. तक्रार अशी आहे की हा चित्रपट आपल्या हातात एकामागून एक धागेदोरे देत राहतो. बंद पडलेली घड्याळे झाली. मग ईडिथला आठवतो तो लाल ढग. मग तिलाच आठवते की मिस मॅक्रॉ झगा नसलेल्या अवस्थेत, नुसत्या अंतर्वस्त्रांत, डोंगर चढत होत्या. मग अर्मा सापडल्यावर मोलकरीण हळू आवाजात मालकिणीला सांगते की मुलीच्या अंगावर कॉर्सेट नव्हते, आणि मालकीण तिला हे कोणाला बोलू नकोस म्हणून बजावते. अशा वेळी प्रेक्षकाने काय करावे? मी तर प्रत्येक गोष्ट गाठीला बांधून ठेवत गेले, आत्याही ठेवत होती, आणि शेवटी त्या गाठोड्याचे करायचे काय, हे कोणी सांगितलेच नाही. माझ्या मते हे प्रेक्षकाकडून मेहनत करून घेऊन मजुरी बुडवण्यासारखे आहे.

बाहेर पडल्यावर चहाच्या गाड्यावर आत्याने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि मला विचारले, “पोरी गेल्या कुठं मग?” मला उत्तर देता आले नाही. घरी येईपर्यंत तिने ते आणखी दोन वेळा विचारले.

तेव्हा जाणकारांना विनंती आहे की माझ्याकडून काही निसटले असल्यास ते सांगावे, आणि निसटले नसल्यास, ज्या कोड्याचे उत्तर द्यायचेच नाही ते कोडे घालण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कोठून मिळतो, हेही सांगावे.

कटाची आमटी

ताई, हा चित्रपट मी दोन वर्षांपूर्वी घरी पाहिला. चाळिसाव्या मिनिटाला झोप लागली आणि जागा झालो तेव्हा बासरी वाजत होती. आपल्या धाग्यावरून असे दिसते की माझे फारसे नुकसान झालेले नाही.

दगडफूल

आपल्याकडून काही निसटलेले नाही, सायंछायाताई. उलट आपण ज्या गाठी बांधल्या त्या अगदी योग्य जागी बांधल्या आहेत, आणि आपल्या तक्रारीला एक कारण आहे जे चित्रपटाच्या बाहेर, पुस्तकाच्या इतिहासात सापडते.

हा चित्रपट जोन लिंडसे यांच्या १९६७ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. प्रकाशित कादंबरीत सतरा प्रकरणे आहेत. परंतु लेखिकेने प्रकाशकाकडे दिलेल्या हस्तलिखितात अठरावे प्रकरण होते आणि त्यात मुलींचे काय झाले ते सांगितलेले होते. ते वगळावे असे प्रकाशन संस्थेतून सुचवण्यात आले आणि लेखिकेने ते मान्य केले. लिंडसे १९८४ साली वारल्या, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे ते प्रकरण त्यांच्या मागे, १९८७ साली, एका छोट्या पुस्तकाच्या रूपाने छापले गेले. म्हणजे चित्रपट आला तेव्हा वाचकांना आणि प्रेक्षकांना उत्तर ठाऊक नव्हते, पण उत्तर लिहिलेले होते.

आता त्या प्रकरणात काय आहे ते सांगतो. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

तिघी मुली वर पोहोचतात. तेथे नुसत्या अंतर्वस्त्रांतली एक स्त्री धापा टाकत येते. तिचे नाव घेतलेले नाही, पण त्या मिस मॅक्रॉच असाव्यात हे वाचकाला कळते. मुली आपली कॉर्सेटे काढून कड्यावरून फेकतात, आणि ती खाली न पडता हवेत तशीच स्थिर राहतात, जणू काळच तेथे थांबला आहे. मग त्यांना एक भोक दिसते, जमिनीतले नव्हे, तर अवकाशातलेच म्हणावे असे. ती स्त्री खेकड्यासारख्या एका प्राण्यात रूपांतर पावून दगडाच्या फटीत शिरते, तिच्यामागून मॅरियन जाते, मग मिरांडा जाते. अर्मा कचरते, तेवढ्यात एक शिळा कोसळून ती फट बुजते, आणि अर्मा उघड्या हातांनी त्या खडकावर आपटत राहते.

आता आपल्या गाठोड्यातल्या वस्तू एकेक काढून पाहा. बारा वाजता थांबलेली घड्याळे, झग्याविना चढणाऱ्या बाई, नाहीसे झालेले कॉर्सेट, या सगळ्यांची जागा त्या अठराव्या प्रकरणात आहे. कादंबरीत अर्मा सापडते तेव्हा तिची पावले अनवाणी असूनही स्वच्छ आणि हातांची नखे मात्र तुटलेली असतात, त्याचाही उलगडा तेथेच होतो. उत्तर काढून घेतले गेले, पण उत्तरासाठी पेरलेल्या खुणा आधीच्या सतरा प्रकरणांत तशाच राहिल्या आणि तेथून चित्रपटात आल्या. घर पाडले तरी भिंतीतल्या खुंट्यांच्या जागा दिसाव्यात, तसे ते आहे.

आता मी आपल्याला प्रामाणिकपणे विचारतो : हे उत्तर ऐकून आपले समाधान झाले का? माझे झाले नाही. मी ते प्रकरण वाचले आणि मला वाटले की न वाचता राहिलो असतो तर बरे झाले असते. बाईंचा खेकडा होतो, हे कळण्यासाठी दोन तास बसलो होतो असे आपल्याला वाटले असते, तर आपली आजची निराशा त्यापुढे सौम्य ठरली असती.

सायंछाया

दगडफूल, आपण दिलेल्या माहितीबद्दल आभार. ही गोष्ट मला मुळीच ठाऊक नव्हती. पण खरे सांगायचे तर माझा राग कमी होण्याऐवजी वाढला आहे. उत्तर वाईट होते म्हणून ते काढून टाकले, हे मी समजू शकते. माझी आजी आमटीत मीठ जास्त झाले की कणकेचा गोळा टाकायची आणि वाढण्याआधी काढून घ्यायची, तसलाच तो प्रकार. पण उत्तर काढले तर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणाही काढायला हव्या होत्या. त्या ठेवल्या, आणि पुढे त्यांनाच ‘गूढता’ असे नाव मिळाले.

आत्याला खेकड्याचे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्यापेक्षा नव्हतं सांगितलं तेच बरं.” म्हणजे आपले मत तिला पटलेले दिसते. तरीही “पण गेल्या कुठं?” हे पालुपद चालूच आहे, कारण खेकड्याची हकिगत तिने उत्तर म्हणून स्वीकारलेलीच नाही.

जुना प्रेक्षक

धागा उशिरा वाचला. एका शब्दावर अडखळलो आणि म्हणून लिहीत आहे. सायंछायाताई, आपण लिहिले आहे की आत शिरायला उशीर झाला पण ‘विशेष काही चुकले नसावे’. क्षमा करा, आपले जे चुकले तेच या चित्रपटातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते.

चित्रपट सुरू होतो तो एका पाटीने. अमुक शाळेच्या मुली शनिवार, १४ फेब्रुवारी १९०० रोजी हँगिंग रॉक येथे सहलीला गेल्या आणि त्या दुपारी त्यांतल्या काही जणी मागमूस न ठेवता नाहीशा झाल्या, असा तिचा आशय आहे. नाव पडद्यावर येण्याआधी, एकही मुलगी दिसण्याआधी, दिग्दर्शकाने आपल्याला सांगून टाकले आहे की या मुली जाणार आहेत आणि मागे काहीही राहणार नाही. त्या पाटीनंतर जो प्रेक्षक बसून राहतो, तो हे मान्य करून बसलेला असतो. आपल्याला आणि आपल्या आत्याबाईंना तो करार वाचायला मिळालाच नाही; आपण सही न करता मजुरीला लागलात आणि मजुरी ठरल्यापेक्षा कमी मिळाली म्हणून रागावलात. दोष आपलाही नाही, गाडी लावायच्या जागेचा आहे.

(जाता जाता : १४ फेब्रुवारी १९०० या दिवशी बुधवार होता, शनिवार नव्हे. ही घटना खरी आहे असे मानणारे लोक ऑस्ट्रेलियातही पुष्कळ निघाले. परंतु कथा कल्पित आहे, आणि त्या वाराकडे पाहिले तरी शंका यायला हरकत नव्हती.)

उशिरा शिरण्याची सवय आमच्या पिढीने लावली, हेही कबूल करतो. आमच्या वेळी मुख्य चित्रपटाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तचित्र सक्तीने दाखवले जाई, त्यामुळे दहा मिनिटे उशीर म्हणजे वेळेवर, असाच हिशेब असे. धरणाचे उद्घाटन आणि पुराची पाहणी हुकली म्हणून कोणी हळहळत नसे. उलट १९६० साली ‘सायको’ हा रहस्यपट प्रदर्शित झाला तेव्हा सुरुवात झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा दंडक दिग्दर्शक हिचकॉक यांनी चित्रपटगृहांना घालून दिला होता. गंमत अशी की त्याच ‘सायको’च्या शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून सगळा उलगडा वर्गात शिकवल्यासारखा करतो, आणि एवढ्या घट्ट चित्रपटातला तोच भाग मला आजवर ढिला वाटत आला आहे. उत्तर मिळते, ते बरोबरही असते, आणि तरी खिडकीत दिसणाऱ्या त्या म्हातारीच्या सावलीची भीती ते थोडी कमीच करून जाते.

याचा अर्थ मी उत्तरांच्या विरोधात आहे असा मुळीच नाही. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ मी १९६४ साली पाहिला. स्वतःच्या हातांनी जिला अग्नी दिला ती बायको आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहून ‘मी तुमचीच पत्नी’ म्हणते, तेव्हा जुळ्या बहिणीचा खुलासा मिळाला नसता तर मी खुर्चीचा हात उपटला असता. तेथे खुलासा हवाच होता, कारण त्या चित्रपटाचा सगळा डोलारा ‘ही खरी कोण’ या एकाच प्रश्नावर उभा होता. ‘हँगिंग रॉक’चा डोलारा ‘मुली कोठे गेल्या’ या प्रश्नावर उभा नाही. तो ‘मुली गेल्यावर उरलेल्यांचे काय झाले’ यावर उभा आहे. पण आपण मराठीत दोन्हींना रहस्यपट हा एकच शब्द वापरतो आणि निमंत्रण लिहिणाऱ्यानेही तोच वापरला, त्याला तो तरी काय करणार?

आपण एकट्या नाही, एवढे मात्र सांगतो. स्वतः वीअर यांनी सांगितलेली हकिगत अशी आहे की एका अमेरिकन वितरकाला हा चित्रपट दाखवला तेव्हा शेवटी त्याने हातातला कॉफीचा कप पडद्यावर फेकून मारला, कारण उत्तर नसलेल्या रहस्यासाठी आपले दोन तास गेले असे त्याला वाटले. पुढे १९९८ साली वीअर यांना चित्रपट पुन्हा संकलित करण्याची संधी मिळाली. सामान्यतः अशा वेळी दिग्दर्शक वगळलेली दृश्ये परत घालतात. यांनी उलट सुमारे सात मिनिटे आणखी कापली. तोवर अठरावे प्रकरण छापून अकरा वर्षे झाली होती, आणि तरी त्यातला एक शब्दही त्यांनी घेतला नाही.

सनद

मी वकिली करतो. सिनेमातले फारसे कळत नाही, परंतु बेपत्ता माणसांच्या बाबतीत थोडे कळते, म्हणून लिहितो.

एखादी व्यक्ती नाहीशी झाली तर ती जिवंत आहे की मृत, या प्रश्नाचे उत्तर कायद्यालाही ठाऊक नसते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये त्यावर एक तोड काढलेली होती, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला तरी ती तोड तशीच आहे. ज्यांना त्या व्यक्तीची खबर साहजिकपणे मिळायला हवी होती अशा लोकांना सात वर्षे काहीही खबर मिळाली नाही, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी, जो तसे म्हणतो त्याच्यावर येते. नीट पाहिले तर या तरतुदीत ‘काय झाले’ याचे उत्तर कोठेच नाही. फक्त ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. मृत्यू नेमका कधी झाला याचेही अनुमान कायदा करीत नाही; तारीख हवी असेल तर ती वेगळी सिद्ध करावी लागते, आणि ती सहसा कोणाला करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नवरा ट्रकवर होता, एका फेरीला गेला तो परतला नाही. ट्रक सापडला, माणूस सापडला नाही. आठ वर्षे झाली होती आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागावे एवढ्यासाठी त्यांना नवऱ्याच्या मृत्यूचा ठराव न्यायालयातून हवा होता. दिराने हरकत घेतली. उलटतपासणीत दिराच्या वकिलांनी विचारले की पती मृत आहे असे आपण शपथेवर सांगता, तर मग कपाळाला कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र कसे? बाईंनी उत्तर दिले नाही. पदर तेवढा सारखा केला. न्यायाधीशांनी वकिलांना पुढचा प्रश्न विचारायला सांगितले. निकाल बाईंच्या बाजूने लागला, नाव लागले. नवा उतारा घेऊन त्या मला दाखवायला आल्या तेव्हाही कुंकू होतेच, आणि मीही त्याबद्दल काही बोललो नाही.

हा धागा वाचून मी काल रात्री तो चित्रपट पाहिला. सायंछायाताई म्हणतात तसे धागेदोरे त्यात आहेत, आणि ते कोठेही जात नाहीत. परंतु माझ्या अनुभवात प्रत्येक बेपत्ता माणसाच्या प्रकरणात तसेच असते. त्या ट्रकच्या केबिनमध्ये अर्धी खाल्लेली भाकरी होती आणि एका पायातली चप्पल होती. दोन पायांची असती किंवा एकाही पायाची नसती तर काही अर्थ लावता आला असता. एका चपलेवर पोलिसांनी तीन महिने घालवले. तो धागा कोणी पेरलेला नव्हता, आणि त्याचे अठरावे प्रकरणही कोणी लिहून ठेवलेले नव्हते.

मला चित्रपटातला जो प्रसंग विसरता येणार नाही, त्याचा वर कोणी उल्लेख केलेला दिसला नाही. वाचलेली अर्मा शाळा सोडून जाण्यापूर्वी निरोप घ्यायला येते. मुली व्यायामशाळेत पांढऱ्या कपड्यांत कवायत करत असतात आणि ही तांबड्या झग्यात दारात उभी राहते. क्षणभर सगळे थांबते, आणि मग त्याच मुली, तिच्या मैत्रिणी, काय झाले ते सांग, त्या कोठे आहेत ते सांग, असे ओरडत तिच्या अंगावर धावून जातात. तिला आठवत नाही. ती सांगणार काय? मला त्या वेळी दिराचे वकील आठवले, आणि खोटे कशाला बोलू, थोडा मी स्वतःही आठवलो, कारण पहिल्या भेटीत मीही त्या बाईंना विचारले होते, “पण मग ते गेले कोठे?” जणू काही ठाऊक असते तर त्या माझ्याकडे आल्या असत्या.

आत्याबाईंचा प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. तो प्रत्येक जण विचारतोच. चित्रपटाने तो विचारणाऱ्यांनाही पडद्यावर घेतले आहे, एवढेच मला दिसले.

कटाची आमटी

सनदसाहेब, व्यायामशाळेचा प्रसंग माझ्या झोपेत गेला असावा. आज रात्री पुन्हा बसतो. चहा पिऊन बसतो.

दगडफूल

सनद यांच्या प्रतिसादानंतर लिहिण्यासारखे फार उरले नाही, पण एक गोष्ट राहून जाते आहे. या चित्रपटात उलगडलेले रहस्य एकही नाही, हे खरे नाही. एक आहे, आणि ते पूर्ण उलगडते. पण ते फक्त प्रेक्षकासमोर उलगडते, पात्रांना मरेपर्यंत कळत नाही.

सारा नावाची अनाथ मुलगी आठवते का? सहलीला न नेता जिला शाळेतच मागे ठेवले, आणि पुढे पालकाकडून फी आली नाही म्हणून जिला मुख्याध्यापिका मिसेस ॲपलयार्ड अनाथाश्रमात परत पाठवण्याची भाषा करतात, ती. तिचा एक भाऊ होता, त्याला ती बर्टी म्हणायची, आणि अनाथाश्रमात त्यांची ताटातूट झाली. आणि अल्बर्ट आठवतो का? घोडे सांभाळणारा तरुण, ज्याने अर्माला शोधून काढले. तोही सहज बोलता बोलता सांगतो की आपली एक बहीण होती, अनाथाश्रमानंतर ती दिसली नाही, तिला पॅन्सीची फुले फार आवडत. दोघे त्याच परिसरात राहत असतात. शेवटाकडे अल्बर्ट सकाळी उठून सांगतो की रात्री बहीण स्वप्नात आली, निरोप घेऊन गेली, आणि खोलीत पॅन्सीचा वास होता. त्याच सुमारास शाळेचा माळी काचघरात जातो आणि त्याला साराचे प्रेत सापडते.

सगळा जिल्हा डोंगरावर तीन मुलींना शोधत होता. चौथी शाळेतच होती. बहिणीला शोधू शकला असता असा एकमेव माणूस शोधपथकात होता, पण तो दुसऱ्यांच्या मुली शोधत होता. मी चित्रपट तीनदा पाहिला, आणि हे मला दुसऱ्या वेळी लक्षात आले. पहिल्या वेळी मीही सायंछायाताईंप्रमाणे घड्याळे आणि कॉर्सेट सांभाळत बसलो होतो.

सायंछाया

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मधल्या काळात मी तो चित्रपट घरी पुन्हा लावला होता, या वेळी पहिल्या क्षणापासून.

जुना प्रेक्षक यांचे म्हणणे खरे आहे. पाटी आहे, आणि ती अगदी स्पष्ट आहे. ती वाचल्यावर सगळा चित्रपट वेगळ्या चालीने चालतो हेही मान्य करते. मुली कॉर्सेटच्या नाड्या आवळतात तो प्रसंग मला गेल्या खेपेला नुसता सुंदर वाटला होता, या खेपेला तो पाहताना अंगावर काटा आला. निमंत्रण लिहिणाऱ्यांनी पुढच्या वेळी ‘कृपया वेळेवर यावे’ ही ओळ ठळक अक्षरांत छापावी, अशी विनंती मी त्यांना करणार आहे. सनद यांच्या ट्रकमधल्या चपलेबद्दल मी काही लिहीत नाही. ती वाचून झाल्यावर मी काही वेळ बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

तरीही माझी एक तक्रार मी मागे घेत नाही. ती चप्पल कोणी लिहिलेली नव्हती. कॉर्सेट लिहिलेले होते. आयुष्यातला निरर्थक तपशील आणि लेखकाने एका अर्थासाठी घडवून नंतर अर्थ काढून घेतलेला तपशील, हे दोन्ही पडद्यावर सारखे दिसत असले तरी सारखे नाहीत, आणि मोलकरीण ज्या आवाजात मालकिणीच्या कानाशी लागते तो आवाज मला अजूनही ‘पुढे उत्तर आहे’ असेच सांगतो. दगडफूल यांनी या बाबतीत माझे समाधान करून दाखवावे. आत्तापर्यंत झालेले नाही.

आत्याही सोबत बसली होती. सुरुवातीची पाटी मी तिला मराठीत सांगितली, तेव्हा ती एकदम माझ्याकडे वळली. “हे त्या दिवशीच लिवलेलं हुतं?” मी हो म्हटले. मग ती पूर्ण चित्रपटभर गप्प बसली, मध्यंतरातही काही बोलली नाही (मध्यंतर अर्थात आम्हीच केले, दूध तापवायचे होते). काचघराचा प्रसंग येऊन गेल्यावर तिने चष्मा काढून पदराला पुसला.

“आधी कळलं असतं,” ती म्हणाली, “तर मी त्या डोंगराकडं कशाला बघत बसले असते? त्या मागं ठेवलेल्या पोरीकडं बघितलं असतं की.”